बारावा भाग

३ ऑगस्ट, रविवार. नांदेड

रविवार असून दिवसभर शाळेची माहिती भरली. मुख्याध्यापक झाल्यापासून शिकवणं कमी, भरणं जास्त. हजेरी, पोषण आहार, झाडं लावल्याचे फोटो. झाडाजवळ उभं राहून काढलेला फोटो परत आला. झाड दिसत नाही म्हणे. मी दिसत होते.

संध्याकाळी औशाहून शाहीनचा फोन. पाच-सहा महिन्यांनी. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. डाव्यानं जवळपास काही नाही, उजव्यानं ओल्या प्लास्टिकमागून बघावं तसं. शिलाई मशीन चादर टाकून ठेवलीय.  मग म्हणाली, "नंदे, दिवस जाईना गं. टीव्ही ऐकून डोकं उठतंय. तू आपली पुस्तकं वाचून दाखव मला फोनवर."

कोणती, हे विचारलंच नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

खाडीकाठची चौघं, भाग १ सुरू. सव्वासहा ते सात, दोन प्रकरणं. अर्धापूरच्या शाळेतून येऊन चहा घेतला की लगेच. पहिल्या दिवशी वाटलं होतं, बारा-पंधरा मिनिटांत कंटाळेल. मी वाक्य अर्धं वाचलं की पुढचं ती म्हणती. चाळीस वर्षं झाली, पोरांची लग्नं झाली, तरी नाना होडी कशी उलटवतो ते शब्दाला शब्द पाठ.

नाना, कुसुम, दत्तू, बाबी. चौघं चुलत-मावस भावंडं, सुट्टीत आजोबांकडं खाडीकाठी जातात. दर भागात एक सुट्टी. आम्ही दोघींनी तोवर औशाच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. भरती-ओहोटी म्हणजे पाणी कुठं जातं, यावर आमचं भांडण झालेलं. ती म्हणायची, जमिनीत मुरतं. मी म्हणायचे, वाफ होती. दोघीही वर्गात हुशार.

१३ ऑगस्ट, बुधवार

भा. २ संपला. आज मिठागराचं प्रकरण. बाबी मिठाच्या ढिगांत हरवते ते. शाहीनला हसू आवरेना. ते वाचल्यावर आम्ही मामाच्या दुकानातलं खडामीठ चोरून आणून गढीच्या भिंतीशी ढीग केला होता, आणि खाऊन खाऊन दोघींची जीभ सोललेली. खेळात ती दत्तू, कारण दत्तू हुकूम सोडतो. मी कायम बाबी. बाबी सामान उचलते.

मी मामाकडं राहून शिकत होते, माझं गाव आत होतं. शाहीनचे अब्बा पिंजारी, गाद्या-रजया भरायचे. तिच्याकडून पुस्तक आलं की पानापानांत कापूस. फुंकून मग वाचायचं.

फोन ठेवताना म्हणाली, "बारावा हाय का तुझ्याकडं? तो मी वाचलाच न्हाई कधी."

न्हाई मिळाला, म्हटलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अकरा भाग जमवले, त्यातले दोन झेरॉक्स. बारावा कुठं मिळाला नाही.

हे सगळं खरं आहे, शेवटचं वाक्य सोडून. बारावा माझ्या लग्नातल्या ट्रंकेत आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सुट्टी. हे गावाकडं बैलांसाठी गेले. घरात मी एकटी, म्हणून ट्रंक उघडली. नऊवारीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पिवळं मुखपृष्ठ, चौघं पाठमोरी. आत औशाच्या आमच्या शाळेच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. त्यावर मी तेव्हा पेनानं फुलं काढली होती शिक्का लपावा म्हणून. फुलांतून सगळं वाचता येतं.

सातवीत होतो. बारावा भाग वाचनालयात नवा आला. नंबर आधी माझा, मग तिचा, आठवडा आठवडा. माझा आठवडा संपायच्या आत तिची शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि पाठीवर चार भावंडं. भावाबरोबर निरोप पाठवला तिनं, नंदेला म्हणावं पुस्तक दे. मी म्हटलं, जमा केलं.

केलं नव्हतं. देऊ वाटलं नाही, एवढंच. माझ्याकडं तोवर स्वतःचं म्हणावं असं एकही पुस्तक नव्हतं.

आणि मग त्या पुस्तकाचा आनंद असा झालाच नाही. एकदाच वाचलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत वर्गावर अकरा भाग कितीदा वाचून दाखवले. पोरं विचारतात, पुढं काय झालं बाई? मी म्हणते, तुम्ही सांगा.

४ सप्टेंबर, गुरुवार

घसा बसला. दिवसभर शाळेत ओरडायचं, संध्याकाळी पुन्हा वाचायचं. हे म्हणतात, एखाद्या दिवशी नको म्हण की. तिला म्हटलं तर तिनंच गुळण्या सांगितल्या. मीठ टाकून. आणि स्वतःच हसली.

भा. ६ चालू. लातूरच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, दिवाळीच्या तोंडावर. डाव्याची आशा सोडा म्हणाले. हे तिनं असं सांगितलं की जणू ब्लाऊजचं माप चुकलं.

तिची धाकटी, निलोफर, फोन लावून देती आणि जवळ बसून ऐकती. ती उर्दू शाळेत शिकली, मराठी तिला थोडी अडखळत येती. मधेच विचारती, खाला, तरी म्हणजे काय? खाडी ओलांडायची तरी. शाहीन तिच्यावर डाफरती, गप ऐक म्हणून. घरात त्यांचं सगळं दखनीत, माझ्याशी मराठीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज लिहू नये असं वाटत राहिलं. तरी लिहिते.

भा. ८ मधे कुसुमवर चोरीचा आळ येतो, आजोबांचं घड्याळ. ते प्रकरण संपलं, तर शाहीन आपणहून बोलायला लागली.   म्हणाली, असंच एकदा माझ्यावर आलं होतं, तुला म्हाईत न्हाई.

आई गेल्यावर, भावंडं जरा मोठी झाल्यावर, तिनं बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं होतं. अब्बांना राजी केलं होतं. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अब्बा शाळेत गेले, तर वाचनालयाच्या सरांनी सांगितलं, पोरीकडं पुस्तक आहे, आणून द्या आणि दाखला न्या. अब्बांनी घर उलथंपालथं केलं. रजयांच्या शिवणी उसवून बघितल्या. पुस्तक असतं तर सापडलं असतं. चार माणसांसमोर सर काहीतरी बोलले, काय बोलले ते अब्बांनी घरी कधी सांगितलं नाही. पुन्हा शाळेच्या दारात गेले नाहीत. पुढच्या वर्षी तिचं लग्न.

"मी तर पुस्तक डोळ्यांनी बघितलं बी न्हाई," म्हणाली. राग नव्हता आवाजात. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मी म्हटलं, उद्या वाचू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पूर्ण लिहून टाकते. इथं तरी.

वार्षिक परीक्षेच्या आधी सरांनी पुस्तकांची मोजदाद केली. बारावा कमी. माझ्या नावावर होता. मला बोलावलं. मी म्हटलं, शाहीनकडं दिलं सर, तिचा नंबर होता. सर म्हणाले, त्यांच्या घरी गेलेलं पुस्तक कापसातच जायचं. वहीत माझं नाव खोडून तिचं लिहिलं. दोन मिनिटांचं काम. मला इतकं हलकं वाटलं होतं की घरी उड्या मारत गेले.

ती शाळेत येणारच नव्हती, तिला काय फरक पडतो, असं मनाला सांगितलं होतं. तेरा वर्षांची होते. पण नंतर वीस, तीस, पन्नास वर्षांची झाले, आणि एकदाही पुढं काय झालं असेल असं विचारलं नाही. स्वतः शेकड्यांनी दाखले सही करून दिले मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. पोरांची भाषणं. उन्हात उभं राहून पाय सुजले. संध्याकाळी फोन वाजला, उचलला नाही. निलोफरला मेसेज केला, घसा बरा नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पुन्हा वाचायला लागले. न वाचून काय करणार. भा. ९. आवाज माझा मलाच परका वाटतो. ती मात्र आनंदात. म्हणते, ऑपरेशन बरं झालं तर पहिलं पान मी वाचीन, तू ऐक.

ह्यांना सांगितलं सगळं. शांतपणे ऐकलं. म्हणाले, लहानपणची गोष्ट, सोड आता, तिला सांगून तिला दुखवशील आणि स्वतः मोकळी होशील. हेही खरं असेल. मी भांडी घासायला घेतली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. औसा

किरकोळ रजा टाकली. पहाटे निघून लातूर, तिथून औसा. घरी सांगितलं, लातूरला काम आहे. शाहीनला कळवलं नाही. तिच्या गल्लीवरून रिक्षा गेली तेव्हा पदर पुढं ओढला.

शाळेची इमारत नवी. लिपिक भला माणूस. मुख्याध्यापक आहे म्हटल्यावर खुर्ची दिली, चहा सांगितला. जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली. तिचं नाव सापडलं. जन्मतारीख, वर्ग सातवा, वर्तणूक चांगली. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईनं: वाचनालयाचे पुस्तक येणे बाकी. दाखला रोखला.

त्याच पानावर वर सात-आठ ओळी सोडून माझं नाव. शेऱ्याचा रकाना कोरा.

मी विचारलं, दाखला आता मिळेल का. लिपिक म्हणाला, का नाही, पुस्तकाचं कोण विचारतंय आता. अर्ज विद्यार्थ्यानं स्वतः सही करून द्यायचा. कोरा फॉर्म दिला. तुमच्या कोण लागतात, विचारलं. मैत्रीण, म्हटलं.

परत येताना बसमधे कळलं, त्या दाखल्याचं ती आता काय करणार. वय बावन्न, डोळे गेलेले. हे मला आधी सुचलं नाही. फॉर्म मात्र जपून घडी केला.

१८ ऑक्टोबर, शनिवार. लातूर

दिवाळीची सुट्टी लागली, आले. परवा तिचं ऑपरेशन झालं. पडदा चिकटावा म्हणून डोळ्यात हवा भरलीय. आठ दिवस पालथं झोपायचं, जेवताना सुद्धा मान खाली. निलोफरनं खाटेच्या कडेला उशीची कमान करून दिलीय, तिच्यात तोंड घालून शाहीन पडलेली. मला फक्त तिची वेणी दिसत होती. पांढरी झालीय. फोनवर ते कळत नाही.

माझा हात ओळखला. कशाला आलीस, म्हणाली, एवढ्या लांब, तुझी पाठ दुखते. मग म्हणाली, अकरावा संपवू आज. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. वाचली. निलोफर डबा आणायला बाहेर गेली. दुपारचे तीन वाजले असतील. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपलेली.

शाहीन म्हणाली, बारावा असता तर.

मी पिशवीत हात घातला. मग म्हटलं, "शाहीन, बारावा माझ्याकडं आहे. तेव्हापासून. मीच ठेवून घेतला. सरांना तुझं नाव मी सांगितलं."

ती हलली नाही. हलायची परवानगीच नव्हती. तोंड उशीत. मी वेणीकडं बघत बसले. पंखा चालू होता. 

मग उशीतून आवाज आला. "अब्बा मरेपर्यंत इचारत व्हते. पुस्तक कुठं ठेवलंस, खरं सांग, रागवत न्हाई म्हणायचे. मी कसम खायची. त्यांना वाटायचं पोरगी खोटी कसम खाऊन राहिली."

 माफ कर म्हणायचं ठरवून आले होते, बसमधे शब्द जुळवलेले. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

"कुठाय?" म्हणाली. खाटेखाली हात लोंबकळत होता, त्यात दिलं. तिनं अंगठ्यानं पानं सोडली, कडेवरून बोट फिरवलं. दोन्ही बाजूंनी चाचपलं. म्हणाली, "लई पातळ हाय गं."

मग म्हणाली, तू निघ आता, बस चुकती. पुस्तक हातातच ठेवलं. वाचू का, असं मी विचारलं नाही. निलोफर डबा घेऊन जिन्यात भेटली. म्हणाली, खाला जेवून जा, तुमच्यापुरतं जास्त आणलंय. नाही म्हटलं.

फॉर्म पिशवीतच राहिला.

१९ ऑक्टोबर, रविवार. नांदेड

काल अहमदपूरच्या पुढं बस बंद पडली. दीड तास रस्त्याच्या कडेला. माणसं चिडली होती. मला तिथंच बसून रहावं असं वाटलं. मोकळं वगैरे काही वाटत नाही. ह्यांचं निम्मंच खरं निघालं.

फराळाचं काही केलं नाही. विकत आणू.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सव्वासहा वाजता मी अजून फोनशेजारी बसते. सवय. अकरा दिवस झाले. मी लावत नाही. लावायचा हक्क आपल्याकडं राहिला नाही असं वाटतं, आणि कधी वाटतं, हा नुसता भित्रेपणा, त्याला चांगलं नाव दिलंय.

निलोफरला मेसेज केला, डोळा कसा आहे. तिचं उत्तर आलं: थोडा उजेड कळतोय, डॉक्टर म्हणतात अजून थांबा. अम्मी बोलत नाहीत कुणाशीच, मनाला लावून घेऊ नका खाला. म्हणजे तिनं पोरीला सांगितलेलं नाही. माझं नाव राखलं. मी तिचं राखलं नव्हतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

शाळा उघडतीय उद्या-परवा. वर्ग झाडून घेतला. चौथीची एक पोरगी आधीच येऊन बसलेली. म्हणाली, बाई, त्या चौघांचं पुढचं वाचा ना. अकरावा वाचून झालाय. मी म्हटलं, पुढचं पुस्तक ज्याचं त्याला परत दिलं. तिनं विचारलं, त्याचं वाचून झालं की आणाल? 

निलोफरचा मेसेज: अम्मी मला पुस्तक वाचायला लावतात रोज. पिवळं. माझी मराठी ऐकून रागावतात, पण थांबू देत नाहीत.

दोनदा वाचला मेसेज. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज तपासणीला पथक आलं होतं. रजिस्टरं, रजिस्टरं. पाय ओढत घरी आले. चहा ठेवला आणि फोन वाजला. निलोफर.

"खाला, एक सांगा. नांगर म्हणजे शेतातला ना? हे लोक तो पाण्यात कशाला टाकायलेत?"

म्हटलं, होडीचा वेगळा नांगर असतो बाळा, लोखंडी, दोर बांधलेला. तळाला रुतून बसतो, मग होडी वाहून जात नाही. 

मागून शाहीनचा आवाज आला, "किसकू पूछरी?"

"नंदा खालाकू."

 मी फोन कटायची वाट बघत राहिले.  मग शाहीन म्हणाली, "पढ आगे."

निलोफर वाचायला लागली. फोन बंद केला नाही. मांडीवर ठेवला असेल, नाहीतर खाटेवर, आवाज जरा लांबून येत होता. विसरली असेल. किंवा कुणी विसर म्हणालं असेल. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशी उभी राहिले. अडखळत, शब्द तोडत, जोडाक्षराला थांबत ती वाचत होती. नाना दोर सोडतो, बाबी किनाऱ्याकडं बघते. एकदा वाचलेलं मला काहीच आठवत नव्हतं, सगळं नवं होतं. मधेच शाहीन एखादा शब्द दुरुस्त करायची. पान उलटल्याचा आवाज यायचा.

प्रकरण संपलं. निलोफर थांबली.

तेव्हा शाहीन म्हणाली, "दमलीस का गं?" मराठीत. निलोफरशी ती घरात कधी मराठी बोलत नाही.

मी तोंड उघडलं. कुणाला विचारलं ते कळायच्या आत फोन बंद झाला.